तीच दोघं, दुसरं जग

महाभारतावर लिहिताना इरावती कर्व्यांनी स्वतःला एक शिस्त घालून घेतली होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत जे आहे तेवढंच प्रमाण धरायचं. ‘युगान्त’ (१९६७) त्या शिस्तीवर उभं आहे. पण द्रौपदीवरच्या लेखाच्या शेवटी इरावतीबाई ती शिस्त उघडपणे सोडतात. इथून पुढचं माझं आहे, असं वाचकाला बजावतात आणि हिमालयाच्या वाटेवर कोसळलेल्या द्रौपदीजवळ भीमाला आणून बसवतात. महाभारतातला भीम ती का पडली एवढं विचारतो, धर्मराज उत्तर देतो आणि सगळे पुढे चालू लागतात. इरावतीबाईंच्या द्रौपदीला मात्र त्या अखेरच्या घटकेला उमगतं की पाचांतला सर्वांत जीव लावणारा हाच होता. मग ती पुढच्या जन्मासाठी त्याच्याकडे एक मागणं मागते: तू भावंडांत थोरला हो. राज्य नको, वेगळं स्वयंवर नको, बाकीचे चौघे नकोत असंही तिचं म्हणणं नाही. बदल फक्त जन्मक्रमाचा. भारतातल्या नातेव्यवस्थेचा अभ्यास करण्यात हयात घालवलेल्या बाईंना थोरलेपणाचं वजन पुरतं ठाऊक होतं. द्यूताच्या पटावर कुणाला लावायचं हे थोरला ठरवतो. भीम थोरला असता तर ती सभा झालीच नसती.

हे लेखन प्रेमाच्या पर्यायी विश्वाचं आहे, असं मी म्हणेन तेव्हा काहींना ते इरावतीबाईंचा दर्जा खाली आणण्यासारखं वाटेल. कारण पर्यायी विश्व हा ‘फॅन फिक्शन’चा, म्हणजे दुसऱ्याची पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचा, प्रकार, आणि आज ‘फॅन फिक्शन’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतात त्या मोबाइलवर भागाभागांनी वाचल्या जाणाऱ्या कथा. मालिकेतलं किंवा सिनेमातलं आवडतं जोडपं उचलायचं, त्यांचं जग काढून घ्यायचं आणि त्यांना दुसऱ्या जगात सोडायचं. राजपुत्र कॉलेजात शिकवतो, शापित राजकन्या कॅफे चालवते, दोन शत्रुराष्ट्रांचे सेनापती एकाच सोसायटीत समोरासमोरच्या फ्लॅटमध्ये राहायला येतात. वाचणारे याला, म्हणजे या ‘ऑल्टरनेट युनिव्हर्स’ला, नुसतं ‘एयू’ म्हणतात. गंमत अशी की ज्या १९६७ मध्ये ‘युगान्त’ आलं आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ही आली, त्याच वर्षी अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी ‘स्पॉकॅनेलिया’ हा हौशी अंक काढला. आधुनिक फॅन फिक्शनचा प्रवास बहुधा तिथून मोजतात. पुढे २००८ मध्ये ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे चाहत्यांनीच उभारलेलं भांडार सुरू झालं आणि २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथा-साहित्यातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. आपल्याकडे ‘इस प्यार को क्या नाम दूं’ ही मालिका २०१२ मध्ये संपली, पण तिच्यातल्या अर्णव आणि खुशीच्या नव्या नव्या कथा चाहते पुढे कितीतरी वर्षं लिहीत राहिले. विरारहून चर्चगेटला पोचायला लोकलने दीड तासाच्या आसपास लागतो. त्या गर्दीत पुस्तक उघडायला हात मोकळा होत नाही, फोन मात्र धरता येतो, आणि भागाभागांच्या प्रेमकथेला तो वेळ नेमका पुरतो. ‘प्रतिलिपी’सारख्या ठिकाणी मराठी प्रेमकथांच्या मालिका अशाच वाचल्या जातात.

या वाचनाच्या ओढीचं नेहमीचं स्पष्टीकरण असं की माणसाला दुःखान्त सोसत नाही, म्हणून तो आपल्या आवडत्या जोडप्याला सुखाच्या जागी नेऊन ठेवतो. मला हे अपुरं वाटतं. नुसतं सुख हवं असतं तर शेवट बदलून भागलं असतं. शेवटच्या पानावर पत्र वेळेवर पोचवलं, विषाची बाटली रिकामी निघाली की काम झालं. एयू लिहिणारी तसं करत नाही. ती शेवटाला हात न लावता सुरुवातीच्याही मागे जाते आणि जगाची एखादी वीट काढून पाहते. दोघं तशीच ठेवायची, भोवतालचं बदलायचं, आणि तरीही ती एकमेकांना शोधतात का ते बघायचं. शोधत असतील तर त्यांच्या ताटातुटीचा दोष त्यांच्या स्वभावात नव्हता, नशिबातही नव्हता, तो त्या जगाचा होता हे सिद्ध होतं. या कथांचं आकर्षण मला इथे दिसतं. प्रत्येक चांगली एयू कथा दोघांच्या वतीने चालवलेला एक खटला असतो, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात विधिलिखित उभं असतं.

असा खटला इतिहासावर चालवला की त्याला आपण आदराने विज्ञानकथा म्हणतो. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये पानिपतावर विश्वासरावाला गोळी लागत नाही, आणि त्या एका गोळीच्या चुकण्याने हिंदुस्थानचा पुढचा सगळा इतिहास पालटतो. एक गोष्ट बदला आणि काय काय हलतं ते मोजा, हीच ती पद्धत. नारळीकरांनी एक गोळी बदलली, इरावतीबाईंनी भावंडांचा क्रम बदलला. राष्ट्राच्या दैवाला हा प्रश्न विचारला की तो गंभीर, आणि एका बाईच्या दैवाला विचारला की स्वप्नरंजन, हा भेद मला मान्य करता येत नाही.

आपल्याला हे पर्यायी विश्व परकं वाटायचं कारण नाही, कारण पुनर्जन्माच्या रूपाने ते आपल्या घरात कधीचंच आहे. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त प्रेमिकांना एक जन्म पुरत नाही. बाणाने ती अर्धी टाकून देह ठेवला तेव्हा त्याच्या मुलाने ती पुरी केली, म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांना पुढे नेण्याचा मानही तितकाच जुना. ज्येष्ठी पौर्णिमेला वसईच्या जुन्या गावांतल्या वडांपासून नालासोपाऱ्यातल्या इमारतींपुढे उरलेल्या एखाद्या झाडापर्यंत सूत गुंडाळलं जातं, तेही सात जन्मांच्या जोडीसाठी. पण या दोन कल्पनांत मोठा फरक आहे. पुनर्जन्मात मागच्या जन्मीचं खातं पुढे येतं. सुख मिळालं तर ते पुण्याईचं, दुःख आलं तर ते पापाचं, म्हणजे शेवटी जबाबदारी माणसाचीच. एयूमध्ये पाटी कोरी असते. शिवाय व्रतात मागायचा असतो तोच नवरा, त्यात निवड आधीच झालेली असते. एयूमधली दोघं एकमेकांना अनोळखी असतात. त्यांना पुन्हा भेटावं लागतं, पुन्हा भांडावं लागतं आणि मग आपणहून निवडावं लागतं. वाचणारीला उत्तर ठाऊक असतं, पात्रांना नसतं. तीच जोडी शंभरदा वाचूनही कंटाळा येत नाही तो या अंतरामुळे. तिला हवी असते ती निवड, होताना दिसणारी, सक्तीचा लवलेश नसलेली.

वसई-विरारमध्ये या गोष्टीला आणखी एक पदर आहे. वनपर्वातल्या तीर्थयात्रेत पांडव शूर्पारकाला येतात आणि तिथून प्रभासाकडे जातात. शूर्पारक म्हणजे आजचा नालासोपारा. विरारच्या जीवदानीच्या डोंगरातली लेणी पांडवांनी कोरली असं इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. कोणत्याही पुराव्याने ते टिकणार नाही, पण सांगणाऱ्यांच्या मनात पांडव आपल्या डोंगरावर येऊन राहिलेले असतात. पात्रांना आपल्या गावात आणून ठेवण्याची ही सहजता म्हणजे एयूची पहिली पायरी. दुसरी पायरी ‘जांभूळ आख्याना’त दिसते, जे शाहीर विठ्ठल उमपांनी रंगमंचावर गाजवलं. झाडावरून तोडलेलं जांभूळ पुन्हा देठाला लागायचं असेल तर प्रत्येकाने मनातलं खरं बोलायचं, आणि द्रौपदीला कबूल करावं लागतं की तिच्या मनात कर्ण आहे. (वैतरणेपलीकडच्या बहाडोलीच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या फळाची चव माहीत असलेल्यांना ही कथा आणखी जवळची वाटावी.) लोककथेने जग बदललं नाही, फक्त त्या जगाने दाबून ठेवलेली इच्छा बाहेर काढली. एकदा ती बाहेर आली की पुढचा प्रश्न आपोआप येतो: ही इच्छा ज्या जगात लपवावी लागली नसती, ते जग कसं असतं?

यावर पहिला आक्षेप मूळ संहितेच्या नावाने येतो. व्यासांनी जे लिहिलं त्यात ढवळाढवळ करणारे तुम्ही कोण? त्याला उत्तर भांडारकर संस्थेच्या कामातच आहे. १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या त्या प्रकल्पात हजाराहून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. कर्ण धनुष्याकडे येतो आणि द्रौपदी भर सभेत त्याला सूतपुत्र म्हणून झिडकारते, हा प्रसंग प्रत्येक मराठी घराला पाठ आहे. चिकित्सक आवृत्तीने तो मुख्य पाठात घेतला नाही, कारण हस्तलिखितांचा आधार पुरेसा नव्हता. म्हणजे या दोघांच्या नात्यातला सर्वांत धगधगता क्षण कुणा अज्ञात लेखनिकाने किंवा कथेकऱ्याने मागून घातलेला असावा. त्यालाही या दोघांना समोरासमोर आणल्याशिवाय राहवलं नसणार. ज्या वाङ्मयात मूळच इतक्या हातांनी घडलं, तिथे आणखी एका हाताला अटकाव करण्याचा अधिकार कुणाला आहे असं मला वाटत नाही.

तो हात बहुतेक वेळा बाईचा असतो, हेही लक्षात घ्यायला हवं. गी पॉटव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या घरात आहे. त्या ओव्यांतली सीता अयोध्येच्या महालात राहत नाही. ती सासुरवाशीण आहे. कैकेयी तिला छळणारी सासू आहे. तिचा वनवास दळणाऱ्या बाईच्या ओळखीच्या रानावनातून जातो. रामायण आपल्या वाड्यात आणून, आपल्या सासूला कैकेयीचं नाव देऊन, जे स्वतःविषयी उघड बोलता येत नव्हतं ते सीतेच्या तोंडून बोलून घेतलं गेलं. आज फोनवर लिहिणारी मुलगी वेगळं काय करते? तिच्यापाशी जातं नाही, कीबोर्ड आहे. कथा उसनी घेतल्याने तिला एक आडोसाही मिळतो. पात्रं तिची नाहीत, म्हणून त्यांच्या इच्छा तिच्या आहेत हे कुणी तिच्यावर लादू शकत नाही. फॅन फिक्शनला मौलिक नाही म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा या ओव्यांचा विचार करावा.

दुसरा आक्षेप इतिहासाचा, आणि तो वसईत अधिक टोकदार होतो. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला घेतला. इथे त्यांचं स्मारक आहे आणि मनामनांत त्यांना स्थान आहे, ते असायलाच हवं. त्याच वर्षाच्या अखेरीला पुण्यात मस्तानीला कैदेत ठेवण्यात आलं, बाजीराव मोहिमेवर असताना, आणि त्या निर्णयात चिमाजी अप्पा आणि नानासाहेब दोघंही होते. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव गेला. मस्तानीही त्याच वर्षी गेली, आणि डिसेंबरात चिमाजी अप्पाही. एका घराण्याचं यश आणि एका प्रेमाचा शेवट असे एकाच माणसाच्या हातून, काही महिन्यांच्या अंतराने झाले. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ने (१९७२) ही कथा मराठी वाचकाच्या काळजात नेली. २०१५ मध्ये त्या कादंबरीवर चित्रपट आला आणि त्यात काशीबाई आणि मस्तानी यांना एकत्र पिंगा घालताना दाखवल्यावर पेशव्यांच्या वंशजांसह अनेकांनी हरकत घेतली. ती हरकत मला अनाठायी वाटत नाही. प्रेक्षकाला शनिवारवाड्याचं जग दाखवून, तीच नावं, तीच सनावळी देऊन तिथे न घडलेलं घडवलं की खरं आणि कल्पित यांची सरमिसळ होते. पण नेमक्या याच मुद्द्यावर एयू अधिक प्रामाणिक ठरतं. ते पहिल्याच ओळीत सांगून टाकतं की हे जग ते नव्हे. बाजीराव नावाचा माणूस आजच्या पुण्यात वैमानिक आहे आणि मस्तानी छतरपूरहून आलेली गायिका आहे, असं लिहिणारीकडून इतिहासाच्या एकाही पानावर ओरखडा उमटत नाही. वास्तवाचा आव आणणाऱ्या ऐतिहासिक रंजनापेक्षा हा उघड करार मला जास्त सभ्य वाटतो.

खरा अवघड आक्षेप तिसरा आहे, आणि तो साहित्यावर मनापासून प्रेम करणारे घेतात. माणूस त्याच्या जगापासून वेगळा काढता येतो का? सूतपुत्र नसलेला कर्ण हा कर्ण कसा? अपमानाचं ते शल्य काढलं तर दुर्योधनाशी मैत्री उरत नाही, मैत्री नाही तर निष्ठा नाही, आणि निष्ठा गेली की उरतो एक देखणा, चांगला नेमबाज. नाव तेवढं कर्णाचं राहतं. या आक्षेपापुढे अनेक एयू कथा टिकत नाहीत हे मान्य करायला हवं. नावं पुसली तर ओळखू न येणारी जोडपी, तीच कॉफी, तोच पाऊस, तीच लिफ्टमध्ये अडकण्याची घटना. पण त्या कथा फसतात त्या जग बदलल्यामुळे नव्हे. नव्या जगात जुन्या अडथळ्याचं रूप कोणतं, हे शोधायचे कष्ट घेतले नाहीत म्हणून. समजा, कुणी कर्णाला आजच्या नालासोपाऱ्यात आणलं. अधिरथ सारथी होता, तेव्हा इथला बाप एसटीचा किंवा रिक्षाचा चालक असेल. शस्त्रविद्येच्या परीक्षेत कृपाचार्यांनी कुळ विचारलं होतं, इथे लग्न जुळवताना पहिल्या दोन मिनिटांत आडनाव आणि गाव विचारलं जातं. मग त्याच्या दातृत्वाचं काय? घराचे हप्ते थकले असताना मित्राच्या बहिणीच्या लग्नाला पैसे देऊन टाकणारा माणूस इथे होऊ शकतो. अशी एकेक गोष्ट उतरवताना लिहिणारीला ठरवावं लागतं की कर्णाच्या कर्णपणाचा गाभा कुठे आहे, अपमानात की देण्यात. माझ्या मते देण्यात, कारण अपमान त्याला दुसऱ्यांनी दिला आणि देणं त्याचं स्वतःचं होतं. कुणी याच्या उलट ठरवेल आणि तिची कथा वेगळी होईल. पण हा निर्णय घेतल्यावाचून कथा पुढे सरकत नाही, आणि पात्राविषयी इतका नेमका निर्णय घेणं म्हणजे समीक्षाच आहे. कित्येक रसग्रहणांतून जे होत नाही ते इथे करावंच लागतं.

आणखी एक शंका मला स्वतःला महत्त्वाची वाटते: सुखाचं दुसरं जग दाखवल्याने या जगावरचा राग बोथट होतो का? नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) इथे आठवावा लागतो. आर्ची आणि परश्या पळून हैदराबादला जातात. डोशाची गाडी, बाटल्यांच्या कारखान्यातली नोकरी, भांडण, स्वतःचं घर, मूल. चित्रपटाचा उत्तरार्ध बराच वेळ या साध्या संसारावर रेंगाळतो, आणि तेव्हा अनेकांना तो संथ वाटला होता. मला तो भाग चित्रपटाचं हृदय वाटतो. जात विचारणारं कुणी नाही अशा शहरात या दोघांनी आपल्या हातांनी एक पर्यायी विश्व उभं केलं आहे, आणि त्यात ती चारचौघांसारखी राहू शकतात हे मंजुळे पुरेसा वेळ देऊन सिद्ध करतात. म्हणूनच जुनं जग भेटवस्तू घेऊन दारात येतं तेव्हा काय हिरावलं गेलं याचं माप आपल्याला कळतं. ते घर दाखवलंच नसतं तर राग आला असता, पण हानीचा आकार दिसला नसता. हातून गेलेल्या सुखाचं चित्र रागाला खतपाणी घालतं. कर्ण-द्रौपदी, बाजीराव-मस्तानी, आर्ची-परश्या, मराठी मनाला ज्यांच्यासाठी दुसरं जग मागावंसं वाटतं त्या जोडप्यांच्या आड येतो तो जन्मच, कुळाचा, धर्माचा, जातीचा. त्या मागणीत या समाजाची कबुली दडलेली आहे.

एक उणीव मात्र या लेखनात खरोखर आहे आणि तिचं समर्थन मला करता येत नाही. जोडपं सुखात नेताना वाटेतल्या तिसऱ्या माणसाला फार सहज पुसलं जातं. बाजीराव आणि मस्तानी यांच्या नव्या जगात काशीबाई कुठे असतात? एक तर नसतातच, किंवा वाग्दत्त वधू म्हणून दोन भाग येतात आणि समजूतदारपणे निघून जातात. ज्या प्रकाराने जगाला आरोपी केलं, त्याने आपल्या जगातही कुणाला तरी निमूट बाहेर काढावं हे मला खटकतं. आणि इथे इतिहास कल्पनेपेक्षा पुढे गेलेला आहे. मस्तानीचा मुलगा शमशेर बहादूर आईबापांच्या मृत्यूच्या वेळी लहान होता. तो पेशव्यांच्याच घरात वाढला, आणि काशीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं असं परंपरेने सांगतात. १७६१ मध्ये पानिपतच्या लढाईतल्या जखमांनी तो गेला. काशीबाई त्याआधी दोनेक वर्षं, १७५८ मध्ये, गेल्या होत्या. सवतीच्या मुलाला मांडीवर घेणारी ही बाई कोणत्या जगात कोणत्या निवडीने सुखी झाली असती, तिला बाजीराव हवाच असता का, की आणखी कुणी, की कुणीच नाही, ही कथा लिहायची राहिली आहे.